रनिंग जास्त, हौसही जास्त: गाड्या नेमक्या किती ठेवायच्या?

वर्षाला तीस-चाळीस हजार किलोमीटर गाडी चालवणाऱ्या आणि चालवण्यातच सुख मानणाऱ्या माणसापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. सगळा भार एकाच गाडीवर टाकला तर ती लवकर थकते. हौसेची वेगळी घेतली तर ती उभी राहून बिघडते. आणि तिसरी आली की हवा, बॅटरी, विमा, सर्व्हिसिंग यांच्या तारखा सांभाळण्यातच सुट्ट्या जातात. मनाला विचारलं तर आकडा वाढतच राहतो, म्हणून तो रनिंगच्या हिशेबातून काढलेला बरा. त्यासाठी एक वही, टायरची खोली मोजायचं छोटं गेज आणि एक मल्टिमीटर पुरे.

एक खुलासा आधीच करतो. आपल्याकडे मायलेज म्हटलं की लिटरला किती देते हा प्रश्न डोक्यात येतो. इथे सगळीकडे रनिंग म्हणजे वर्षाला कापलेलं अंतर.

प्रत्येक गाडीची दोन घड्याळं

गाडीतले काही भाग किलोमीटरवर झिजतात, काही तारखेवर, आणि बरेचसे दोन्हींवर. क्लच प्लेट आणि ब्रेक पॅड जवळपास पूर्णपणे वापरावर जातात. बॅटरी, ब्रेक ऑइल, वायपरचं रबर हे कॅलेंडरवर जातात, गाडी चालो वा न चालो. विमा आणि कर तर कॅलेंडरचेच. इंजिन ऑइल, टायर, टायमिंग बेल्ट या मधल्या गटाला ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते’ अशी मुदत असते.

या मधल्या गटातच तुमचं उत्तर आहे. किलोमीटरच्या मुदतीला वर्षांच्या मुदतीने भागा. जो आकडा येईल तितकं वार्षिक रनिंग असलं की दोन्ही घड्याळं एकाच वेळी संपतात. त्याला आपण बरोबरीचा आकडा म्हणू.

ऑइलची मुदत १०,००० किमी किंवा १२ महिने असेल तर बरोबरीचा आकडा १०,०००. टायर तुमच्या चालवण्यात ४५,००० किमी जात असतील आणि रबर सहा वर्षांपलीकडे वापरायचं नाही असं ठरवलं असेल, तर ७,५००. टायमिंग बेल्टची मुदत १,००,००० किमी किंवा सहा वर्षं असेल तर साधारण १६,७००. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गाडीचे तिच्या मॅन्युअलमधून घ्या, कारण बेल्टची मुदत इंजिनागणिक बदलते आणि कित्येक इंजिनांना बेल्टऐवजी चेन असते.

आता ४०,००० किमी वार्षिक रनिंग धरून बघा. एकाच गाडीवर चारदा ऑइल बदलावं लागतं. दोन गाड्यांवर २०-२० हजार वाटले तरी दोन आणि दोन मिळून चारच. चार गाड्यांवर दहा-दहा हजार केले तरी चार. पाचवी गाडी आली की प्रत्येकीच्या वाट्याला ८,००० येतात आणि पाच वेळा ऑइल बदलावं लागतं, म्हणजे चांगलं ऑइल फेकायला सुरुवात झाली. टायरचा हिशेब पाच गाड्यांपर्यंत टिकतो. बेल्टचा मात्र दोन गाड्यांनंतरच मोडतो: तिसरी आली की बेल्ट किलोमीटर शिल्लक असताना तारखेमुळे बदलावे लागतात.

थोडक्यात, रनिंग वाटून घेतल्याने झिजेचा खर्च वाचत नाही, पण एका मर्यादेपर्यंत तो वाढतही नाही. वाढतो तो बॅटरीचा, ब्रेक ऑइलचा, विम्याचा, कराचा आणि जागेचा, तोही दुसऱ्या गाडीपासूनच. ‘दुसरी घेतली की पहिलीवरचा भार कमी होईल, म्हणजे पैसे वाचतील’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. भार कमी होतो, ती जास्त वर्षं चालते, पण तोवर दुसरीचे ठरलेले खर्च सुरू असतात.

वॉरंटीला हाच नियम लावा. ती ३ वर्षं किंवा १,००,००० किमी असेल तर ४०,००० रनिंगवाल्याची अडीच वर्षांतच संपते. या एका बाबतीत रनिंग वाटून घेण्याचा खरा फायदा आहे: एका गाडीवर वर्षाला ३३,००० च्या आत राहिलात तर वॉरंटीचे सगळे महिने पदरात पडतात.

वही: आठ आठवडे, पाच रकाने

अंदाजाने सांगितलेलं रनिंग बहुतेकदा चुकतं, आणि हौसेच्या किलोमीटरच्या बाबतीत तर हमखास फुगलेलं असतं. म्हणून किमान आठ आठवडे लिहून काढा. बारा असतील तर उत्तम. त्यात एखादा लांबचा प्रवास आलेला असावा.

रकाने पाच: तारीख, किलोमीटर, माणसं आणि सामान, रस्त्याचा प्रकार, आणि शेवटचा सगळ्यांत महत्त्वाचा, ‘हीच फेरी दुसऱ्या गाडीने झाली असती का?’ दुसरी गाडी म्हणजे जी मनात आहे ती. पान असं दिसेल:

मंगळवार, ६४ किमी, एकटा, निम्मा हायवे निम्मी कोंडी. नाही, क्लच जड आहे, रोज नको.
गुरुवार, ६४ किमी, एकटा, तोच रस्ता. नाही.
शनिवार, ३१० किमी, दोघं, एक बॅग, घाट. हो.
रविवार, ४५ किमी, पाच जण. नाही, चारच सीट.

ही नोंद त्याच दिवशी करा. आठवड्याने भरायला बसलात तर शेवटच्या रकान्यात ‘नाही’च्या जागी ‘हो’ पडायला लागतात.

आठ आठवड्यांचा आकडा साडेसहाने गुणला की वर्षाचा अंदाज मिळतो. तो आकडा गाडीच्या जुन्या सर्व्हिस नोंदींमधल्या रीडिंगशी ताडून बघा. मग त्याचे चार ढीग करा: रोजचे, लांबचे, ओझ्याचे, हौसेचे. उदाहरणार्थ रोजचे २२,०००, लांबचे ११,०००, ओझ्याचे ३,००० आणि हौसेचे ४,०००.

यातले हलवता येणारे किलोमीटर कोणते? हौसेचे चार हजार तर आहेतच. लांबच्या अकरापैकी समजा पाच हजार एकट्याने किंवा दोघांनी होतात, सामान थोडं असतं, तेही दुसऱ्या गाडीला चालतात. एकूण ९,०००. उरलेले ३१,००० मुख्य गाडीचेच राहणार, तुम्ही कितीही गाड्या घ्या.

आता किमान मर्यादा लावा. आमच्या मते मुख्य गाडी सोडून प्रत्येक गाडीला वर्षाला ६,००० किमी, म्हणजे महिन्याला ५००, मिळायलाच हवेत. याहून कमी झालं तर दहा हजारवालं ऑइल तारखेवर बदलताना त्याचं ४० टक्क्यांहून जास्त आयुष्य वाया जातं, आणि टायर ट्रेड (वरची खाचांची नक्षी) शिल्लक असताना कडक होतात. कडक रबर कोरड्यात कसंबसं निभावून नेतं, पण ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. जोरात चालवायला घेतलेल्या गाडीला हे परवडणारं नाही.

९,००० भागिले ६,००० म्हणजे दीड. अपूर्णांक खाली उतरवायचा, वर नाही. जास्तीची गाडी एकच, एकूण दोन. पूर्ण चाळीस हजारांना सहा हजारांनी भागून ‘मला सहा गाड्या झेपतात’ असं म्हणणं ही यातली सगळ्यांत मोठी चूक. भागायचं ते हलवता येणाऱ्या किलोमीटरना.

गाडी गॅरेजमध्ये असेल ते दिवस

दुसऱ्या गाडीचं दुसरं कारण म्हणजे पहिली बंद असणं. ४०,००० रनिंग असलेल्या गाडीचे दिवस मोजा. चार सर्व्हिसिंग, एकदा टायर, एक-दोन अलाइनमेंट, एकदा पॅड, हे सगळं मिळून सहा-सात दिवस. त्यात पार्ट येण्याची वाट बघावी लागणारं एखादं अनपेक्षित काम धरा, आणखी पाच-सात दिवस. म्हणजे बाराएक दिवस.

आता दुसऱ्या गाडीचा वर्षाचा ठरलेला खर्च मांडा: विमा, कर, जागेचं भाडं, तारखेवरची सर्व्हिसिंग, बॅटरीचा वर्षाचा वाटा आणि किंमत उतरते ती. त्याला भाड्याच्या गाडीच्या एका दिवसाच्या खर्चाने भागा. उत्तर साठ दिवस आलं आणि तुमची गाडी बाराच दिवस बंद असेल, तर फक्त ‘अडचणीला असावी’ म्हणून दुसरी घेणं हा तोट्याचा व्यवहार आहे. ते बारा दिवस भाड्याने काढा. तुमच्या भागात भाड्याची गाडी वेळेवर मिळतच नसेल, किंवा पहाटे चारला निघावं लागत असेल, तर हिशेब बदलतो. पण तो मांडल्याशिवाय बदलला असं समजू नका.

आधी मुख्य गाडी सुधारा

चाळीस हजार किलोमीटर सरासरी ताशी ५० ने धरले तर वर्षाला ८०० तास तुम्ही सीटवर बसलेले असता. वरच्या उदाहरणात त्यातले ६२० तास मुख्य गाडीत जातात आणि जेमतेम १८० दुसरीत. तरीही बहुतेक हौशी माणसं कंटाळवाणी गाडी रोज सहन करतात आणि सगळा जीव दुसरीत ओततात. आमचं ठाम मत आहे की हे उलटं व्हायला हवं.

मुख्य गाडीच्या सीटचा फोम बसला असेल तर तो नव्याने भरून घ्या. ८०–९० हजारांनंतर शॉकॲब्सॉर्बर हळूहळू मऊ पडतात आणि रोज चालवणाऱ्याला ते जाणवतच नाही, कारण बदल इतका सावकाश होतो. चारही शॉकॲब्सॉर्बर, वरचे माउंट आणि खालच्या आर्मचे बुश एकदम बदलले की गाडी वळणात पुन्हा शब्द पाळायला लागते. टायर सरळ वरच्या दर्जाचे घ्या. वर्षाला एक सेट घासणाऱ्याला टायर जुने होण्याची भीती नाही, म्हणजे चांगल्या रबराचा पुरेपूर फायदा त्यालाच मिळतो. इतकं केल्यावर कित्येकांना दुसऱ्या गाडीची गरज उरत नाही, आणि ते या हिशेबातलं सगळ्यांत चांगलं उत्तर आहे.

रोजची फेरी लांबची असेल, कोंडी कमी असेल आणि घरी चार्जिंग होत असेल तर मुख्य गाडी इलेक्ट्रिक घेण्याचा विचार जरूर करा. जास्त रनिंगवाल्यालाच ती सगळ्यांत जास्त परत देते, कारण ऑइल, बेल्ट, क्लच हे किलोमीटरवरचे खर्चच नाहीत. उलट कमी चालणारी हौसेची गाडी इलेक्ट्रिक घेतली तर तो फायदा वाट्याला येत नाही.

दुसरी गाडी: तीन कसोट्या

पहिली कसोटी, ती आठवडाभर पहिलीची जागा घेऊ शकते का? अगदी आरामात नाही, पण निभावून नेईल इतपत. घेऊ शकत नसेल तर पहिली गॅरेजमध्ये गेली की तुम्ही पुन्हा भाड्याची गाडी शोधणार, आणि महिनाभरात ‘एक साधी तिसरी असावी’ हा विचार सुरू होणार. तिसऱ्या गाडीचा जन्म बहुतेक वेळा असाच होतो.

दुसरी कसोटी, चालवायचा आनंद देणारा रस्ता घरापासून किती लांब आहे? तो घाट १५० किमीवर असेल तर हौसेच्या ६० किलोमीटरांसाठी जाऊन-येऊन ३०० किमी सरळ हायवे कापावा लागणार. कडक सस्पेन्शनची, आत आवाज घुमणारी, सहाव्या गिअरलाही इंजिन ओरडणारी गाडी ते तीनशे किलोमीटर नकोसे करते. चार-पाच फेऱ्यांनंतर तुम्ही नकळत मुख्य गाडीच घेऊन जायला लागता. रस्ता लांब असेल तर हायवेला शांत राहणारी गाडी निवडा. दारातच असेल तर खुशाल कडक घ्या. निवडलेल्या गाडीसारखी गाडी आठवडाभर भाड्याने किंवा मित्राची मिळाली तर नेमका हाच प्रवास करून बघा. शोरूमच्या भोवती मारलेल्या दहा मिनिटांच्या फेरीत यातलं काही कळत नाही.

तिसरी कसोटी जागेची, आणि ती सगळे विसरतात. एका मागे एक गाड्या लागणार असतील तर आतली गाडी बाहेर निघत नाही. पुढची काढा, रस्त्यावर लावा, आतली काढा, पुढची परत लावा, एवढा खटाटोप कामावरून आल्यावर कोणी करत नाही. ज्या गाडीच्या किलोमीटरवर तुम्ही सगळा हिशेब बांधला आहे ती थेट बाहेर पडली पाहिजे. जमत नसेल तर अपेक्षित किलोमीटर निम्मे धरा आणि भागाकार पुन्हा करा.

शक्य असेल तर दोन्ही गाड्यांची चाकं अदलाबदल होणारी असू द्या. त्यासाठी फक्त बोल्टची संख्या जुळून भागत नाही. बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, तंतोतंत जुळावा लागतो. ५×११२ आणि ५×११४.३ हे डोळ्यांना सारखेच दिसतात, पण एकाची चाकं दुसऱ्याला बसवली तर बोल्ट तिरके ताणले जातात आणि सैल होतात. चाकाचं मधलं भोक हबपेक्षा, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्यापेक्षा, लहान असेल तर चाक बसतच नाही. मोठं असेल तर योग्य मापाची रिंग घालावी लागते, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं. ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते, आणि टायरचा बाहेरचा व्यासही बघा.

उभ्या गाडीचं काय होतं

इथे थोडं थांबून सविस्तर बघू, कारण गाड्यांची संख्या चुकली की त्याची किंमत इथेच मोजावी लागते.

बॅटरीपासून सुरुवात. गाडी लॉक केल्यावरही तिचे कंट्रोल युनिट, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर थोडा करंट घेतच असतात. ५० मिलिअँपिअरपर्यंत घेतलेलं ठीक समजतात. दिवसाचे झाले १.२ अँपिअर-तास. ६० अँपिअर-तासांची धडधाकट बॅटरी २५ दिवसांत निम्मी होते. तीन वर्षं जुनी असेल तर आणखी लवकर. पार्क केल्यावरही रेकॉर्डिंग करणारा डॅशकॅम पाव अँपिअर घेत असेल तर दिवसाला सहा अँपिअर-तास गेले, म्हणजे पाच दिवसांतच निम्मी.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीला १२.६ व्होल्ट किंवा वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२.४ च्या खाली आठवडेच्या आठवडे पडून राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग चार्ज करूनही मूळची ताकद परत येत नाही. सेल्फ मारल्यावर स्टार्टर ‘घर्र’ करून दमतो, डॅशबोर्डचे दिवे मंदावतात आणि नुसतं कट-कट ऐकू येतं, तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं.

दोन आठवड्यांत गेलेले सतरा अँपिअर-तास भरून काढायला चाळीस मिनिटांची चक्कर पुरत नाही, कारण बॅटरी भरत आली की करंट घ्यायचा वेग मंदावतो. म्हणून महिन्याला ५०० किमीचं गणित ज्या गाडीचं जेमतेम जुळतं, तिला जागेवर मेंटेनर चार्जर लावून ठेवा. एक अँपिअरचा, आपोआप थांबणारा पुरतो. जागेवर वीज नसेल तर हाही मुद्दा संख्या ठरवताना धरा.

करंट गळतोय असा संशय असेल तर मीटर दहा अँपिअरच्या सॉकेटवर घ्या आणि निगेटिव्ह टर्मिनल व केबल यांच्यामध्ये सिरीजमध्ये जोडा. मग गाडी लॉक करून अर्धा ते एक तास थांबा. सगळे युनिट झोपल्याशिवाय आकडा खरा येत नाही. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज त्याच क्षणी उडेल.

जागेवर इंजिन सुरू करून पाच मिनिटं ठेवणं ही प्रेमापोटी केली जाणारी चूक आहे. कूलंटचा काटा पाच-आठ मिनिटांत मध्यावर येतो, पण ऑइल गरम व्हायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. थंड इंजिनमध्ये जळणातून तयार झालेलं पाणी आणि न जळलेलं इंधन ऑइलमध्ये उतरतं आणि तिथेच राहतं. एक्झॉस्टच्या पाइपात साचलेलं पाणी आतून गंज धरतं. काढायची तर गाडी रस्त्यावर काढा, अर्धा-पाऊण तास, त्यात वीस मिनिटं तरी मोकळ्या रस्त्यावर. दोन आठवड्यांतून एकदा. त्यात दहा मिनिटं एसी चालू ठेवा म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलपर्यंत तेल फिरतं. याच कारणाने ‘चालती राहावी’ म्हणून कोपऱ्यावरची तीन किलोमीटरची कामं हौसेच्या गाडीला देऊ नका. ती मुख्य गाडीला द्या, पायी गेलात तर त्याहून चांगलं.

डीझेल गाडीला हा नियम दुप्पट लागू. एक्झॉस्टमधला पार्टिक्युलेट फिल्टर साचलेली काजळी साधारण ६०० अंश सेल्सिअसला जाळून टाकतो, आणि त्यासाठी गाडी सलग चालावी लागते. मध्येच बंद झालेलं रिजनरेशन, म्हणजे हे काजळी जाळणं, काही इंजिनांत डीझेल ऑइलमध्ये सोडतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर कारण हेच असण्याची शक्यता मोठी. डीझेल ही हायवेवरची मुख्य गाडी म्हणून उत्तम, उभी ठेवायची गाडी म्हणून नाही.

ब्रेकचं असं: पावसातून आणून किंवा धुऊन लगेच उभी करू नका. आधी पाच-सहा वेळा ब्रेक दाबत थोडी चालवा, डिस्क सुकू द्या. दोन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पी वर, आणि चाकांना ठोकळे लावा. ओढलेल्या हँडब्रेकला पॅड किंवा शू चिकटतात, आणि पहिल्यांदा हलवताना ‘टक्’ असा आवाज येतो तेव्हा कधी कधी लायनिंगचा तुकडा तिथेच राहिलेला असतो. डिस्कवर दिसणारा नारिंगी गंज पहिल्या तीन-चार ब्रेकमध्ये घासून जातो. वीस-पंचवीस ब्रेकनंतरही पेडल पायाखाली धडधडत असेल तर डिस्क काढून बघायलाच हवी.

टायरमध्ये तीन ते पाच पीएसआय जास्त हवा ठेवा आणि निघण्यापूर्वी पुन्हा नेहमीइतकी करा. सुरुवातीचं थरथरणं टायर गरम झाल्यावर गेलं तर तो उभं राहिल्याने आलेला तात्पुरता सपाटपणा होता. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचायला शिका: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. जुनी हौसेची गाडी बघायला गेलात की आधी खाली वाकून हे वाचा. ट्रेड भरपूर आणि तारीख आठ वर्षांपूर्वीची, याचा अर्थ ती बरीच वर्षं उभी होती. मग वर लिहिलेलं सगळं तिच्यात शोधा.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलला मानकाप्रमाणे ताजं असताना किमान २३० अंशांचा उत्कलनबिंदू लागतो, ओलावा धरलेल्या स्थितीत किमान १५५. एवढा फरक रोजच्या कोंडीत जाणवत नाही. घाट उतरताना पेडल मऊ पडतं तेव्हा जाणवतो. दोन वर्षांनी बदला, मग गाडी त्या काळात दोनच हजार किलोमीटर चाललेली का असेना. रेसिंग ट्रॅकवर जाणार असाल तर प्रत्येक वेळेआधी.

तिसरी गाडी

ट्रॅकवर नियमित जाणाऱ्याला तिसरी गाडी समजू शकते. एका दिवसात पॅड आणि टायर संपवणाऱ्या वापराशी सोमवारी कामावर जायची गाडी बांधून ठेवणं धोक्याचं. नेहमी ट्रेलर ओढावा लागणाऱ्यालाही समजू शकते. बाकी बाबतींत अट तीच: हलवता येणारे किलोमीटर १२,००० च्या वर असले पाहिजेत, आणि तीनपैकी निदान दोन गाड्या एकमेकींची कामं करू शकल्या पाहिजेत.

खोलून ठेवलेली गाडी संख्येत धरू नका. ती गाडी नाही, ते काम आहे. आणि एका वेळी एकच गाडी उघडी, हा नियम मोडू नका. दोन उघड्या असल्या की एकीचे नट-बोल्ट, क्लिपा दुसरीच्या डब्यात जातात आणि दोन्ही महिनोन्महिने तशाच राहतात.

तारखा पसरवून ठेवा

दोन गाड्यांचे मोठे खर्च एकाच वेळी येऊ देऊ नका. दोन्ही सारख्याच वयाच्या आणि सारख्याच रीडिंगच्या असतील तर टायमिंग बेल्ट, टायर, क्लच एकाच हंगामात येतात आणि दोन्ही एकदम बंद पडायची शक्यताही वाढते. दुसरी घेताना तिचं रीडिंग पहिलीपेक्षा किमान ४०,००० ने वेगळं असू द्या, किंवा घेतल्याबरोबर बेल्ट बदलून तिचं घड्याळ नव्याने सुरू करा.

टायरची खोली दर ५,००० किमीला मोजा, प्रत्येक टायरवर आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन जागी. नवा टायर साधारण ८ मिलिमीटरचा. कित्येक देशांत कायद्याची मर्यादा १.६ आहे, पण पावसात वेगाने जाणाऱ्याने ३ ला बदलावा. म्हणजे वापरायला मिळतात ५ मिलिमीटर. दर मिलिमीटरला किती किलोमीटर जातात हे दोन मोजण्यांत कळतं आणि पुढची तारीख आधीच दिसते. आतली कडा एकटीच घासत असेल तर टायर बदलण्याआधी अलाइनमेंट करा, नाहीतर नवा सेटही तसाच जाईल.

किलोमीटरवर आधारलेला विमा मिळत असेल तर कमी चालणाऱ्या गाडीला तो सोयीचा. पण घेताना मर्यादा वहीतल्या आकड्यापेक्षा २० टक्के जास्तीची घ्या आणि ती ओलांडली तर दाव्याचं काय होतं हे लेखी विचारून ठेवा.

आधीच जास्त गाड्या असतील तर

ज्या गाडीबद्दल शंका आहे तिची चावी साठ दिवसांसाठी घरच्या दुसऱ्या माणसाकडे द्या. बॅटरीला मेंटेनर, चाकांना ठोकळे, टाकी भरलेली. चावी मागावीशी वाटली की वहीत तारीख आणि कारण लिहा. साठ दिवसांत खऱ्या कामासाठी किंवा खऱ्या ओढीने चार वेळाही मागितली नाही तर ती विकायची. ‘बरेच दिवस झाले, जरा सुरू करून बघू’ हे कारण मोजायचं नाही.

दोन गाड्यांमध्ये निर्णय होत नसेल तर दोघींचे पुढच्या १८ महिन्यांत येणारे खर्च शेजारी शेजारी लिहा: बेल्ट, टायर, बॅटरी, शॉकॲब्सॉर्बर, क्लच. जिची यादी लांब ती जाऊ द्या, आणि टायर-बॅटरी नवीन टाकण्याआधी जाऊ द्या. नव्या टायरवर घातलेला पैसा विक्रीच्या किमतीत क्वचितच पूर्ण परत मिळतो. सर्व्हिसच्या पावत्या, दोन्ही चाव्या आणि वहीतली त्या गाडीची पानं मात्र घेणाऱ्याला द्या. जास्त रनिंगची गाडी घेताना माणूस बिचकतो तो आकड्याला. ते किलोमीटर हायवेचे होते आणि ऑइल वेळेवर बदललं होतं हे कागदावर दिसलं, की बोलणं किमतीवर येतं.